पाच महिने ते पाच वर्षे

सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार: हिमोग्लोबिनमधल्या दोषामुळे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. त्याचं जनुक आई-वडील दोघांकडूनही आलं तर मूल गंभीर आजारी पडतं. पूर्वी अशी मुलं क्वचितच मोठी होत. एकाकडूनच आलं तर मूल फक्त वाहक होतं, आणि वाहक बहुधा धडधाकट असतात. तरीही दर पिढीत मुलांचा बळी घेणारं जनुक हळूहळू नाहीसं व्हायला हवं होतं. ते झालं नाही.

१९४९ साली केनियात रक्तनमुने गोळा करताना संशोधक अँथनी ॲलिसन यांना किनारपट्टीवर आणि व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी शंभरात वीसहून जास्त वाहक सापडले. उंच, थंड पठारावर मात्र जवळजवळ कुणीच नाही. मलेरियाचा नकाशाही असाच होता. हे जनुक वाहकांना मलेरियापासून वाचवत असावं, असा त्यांना संशय आला. तो पक्का करायला त्यांनी पुढे युगांडात रक्त तपासलं ते लहान मुलांचं, पाच महिने ते पाच वर्षे वयाचं. माझ्या मते खरी हुशारी या वयाच्या निवडीत आहे. मलेरियाच्या प्रदेशातल्या मोठ्या माणसाला इतक्यांदा लागण झालेली असते की त्याची कमावलेली प्रतिकारशक्ती जन्मजात फरक झाकून टाकते. तान्ह्या बाळाकडे आईकडून आलेली प्रतिपिंडं असतात आणि गर्भावस्थेतलं वेगळं हिमोग्लोबिनही. उघडा पडतो तो मधला काळ. कंपालाजवळच्या २९० मुलांपैकी ४३ वाहक होती. त्यांतल्या १२ जणांच्या रक्तात मलेरियाचे परजीवी सापडले, म्हणजे सुमारे २८ टक्के. उरलेल्या २४७ मुलांत हेच प्रमाण जवळपास ४६ टक्के निघालं. १९५४ साली हे प्रसिद्ध झालं. (त्यांनी प्रौढ स्वयंसेवकांना मुद्दाम मलेरियाची लागण करूनही पाहिलं होतं. आज कुठलीही नीतिसमिती हे होऊ देणार नाही.)

हे संरक्षण म्हणजे परजीवीला दार बंद, असं मात्र नाही. वाहक मुलांनाही डास चावतात, लागण होते, ताप येतो. फरक पडतो तो आजार जिवावर बेतण्यात: गंभीर मलेरियाचा धोका त्यांना सुमारे नव्वद टक्क्यांनी कमी असतो. मलेरियाचा फाल्सिपेरम जातीचा परजीवी तांबड्या पेशीत शिरला की एक चिकट प्रथिन तयार करून तिच्या पृष्ठभागावर पाठवतो. मग ती पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून बसते आणि बिघडलेल्या पेशी गाळून काढणाऱ्या प्लीहेच्या तावडीतून सुटते. मेंदूतल्या बारीक वाहिन्या अशा तुंबल्या की मूल बेशुद्ध होतं. वाहकाच्या पेशीत या प्रथिनाची वाहतूक बिघडते आणि चिकटपणा कमी पडतो. शिवाय ऑक्सिजन कमी झाला की परजीवीची वाढही खुंटते.

याच भागात आणखी एक आनुवंशिक गुण आढळतो, अल्फा थॅलेसेमिया या हिमोग्लोबिन कमी बनण्याच्या विकाराचा सौम्य प्रकार. तोही गंभीर मलेरियापासून बऱ्यापैकी वाचवतो. मग दोन्ही एकाच मुलात आले तर दुहेरी कवच मिळायला हवं. केनियाच्या किलिफीतल्या मुलांच्या २००५ सालच्या अभ्यासात उलटंच दिसलं: दोन्ही एकत्र आले की संरक्षण जवळजवळ नाहीसं होतं. अल्फा थॅलेसेमियामुळे वाहकाच्या पेशीतल्या सदोष (सिकल) हिमोग्लोबिनचा वाटा घटतो, हे त्याचं एक संभाव्य कारण. दोन्ही गुण एकाच लोकसमूहात सहसा फार वाढलेले का दिसत नाहीत, याचाही काही उलगडा त्यातून होतो.

परजीवीही स्वस्थ बसलेला नाही. गँबिया आणि केनियातल्या गंभीर आजारी मुलांचे आणि त्यांच्या रक्तातल्या परजीवींचे जनुकसंच एकमेकांशेजारी ठेवून पाहिले गेले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात परजीवीच्या जनुकसंचात काही खास बदल आढळले. वाहक असूनही जी मुलं गंभीर आजारी पडली, त्यांच्यातल्या परजीवींमध्ये बहुतेक वेळा हेच बदल होते. अशा परजीवींपुढे सिकलसेलचं कवच फारसं चालत नाही. शिवाय हे बदल आफ्रिकेत जिथे सिकलसेलचं जनुक जास्त, तिथेच जास्त आढळतात.