वेटनेस इंडिकेटर: डायपरवरची रंग बदलणारी रेघ

डिस्पोजेबल डायपर किंवा ट्रेनिंग पॅन्टवर (शू सांगायची सवय लावताना घालायची, चड्डीसारखी वर ओढायची डायपर) बाहेरून मधोमध जी पिवळी रेघ दिसते ती म्हणजे वेटनेस इंडिकेटर. लेकरानं शू केली की ती निळी नाहीतर हिरवट होते, सारखं आत बोट घालून बघावं लागत नाही.

या रेघेत बऱ्याचदा ब्रोमोक्रेसॉल ग्रीन नावाचा डाय म्हणजे रंग असतो, वितळवलेल्या गोंदात मिसळून बाहेरच्या प्लास्टिकला आतून लावलेला. हा डाय पीएच (आम्लपणा मोजायचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आम्ल) 3.8 च्या खाली पिवळा, 5.4 च्या वर निळा आणि मधे हिरवा दिसतो. गोंद मुद्दाम आम्लधर्मी ठेवतात म्हणून कोरडी रेघ पिवळी, अन् लघवीचा पीएच साधारण 6, ती पोचली की रंग फिरलाच. थोडीशी शू झाली तरी फिरतो, त्यामुळं रेघ निळी म्हणजे डायपर भरला असं काही नाही, अन् शी झाली का ते तर ती सांगतच नाही.

दुसरा प्रकार पाण्यात विरघळणाऱ्या शाईचा. अमेरिकेत 1989 मधे किंबर्ली-क्लार्क कंपनीनं पुल-अप्स आणले, तसल्या ट्रेनिंग पॅन्टवर चित्रं असतात आणि ओलं झालं की ती पुसट होत गायब होतात. हे लेकरासाठी असतं. कारण आतली सोडियम पॉलीअ‍ॅक्रिलेटची पावडर लघवी इतक्या पटकन शोषून घेते की आपण ओलं केलं हे त्याला कळतच नाही, मग निदान डोळ्यांना तरी दिसावं. पिवळी रेघ मात्र आईलाच कळते, लेकराला तिचं काही देणंघेणं नाही, म्हणून नुसती रेघ बघून शू सांगायची सवय लागेल ही आशा फुकट आहे.

मराठवाड्यात किराणा दुकानात सुटी पाकिटं मिळतात ती साध्या पॅन्ट डायपरची, कंपनी कुठलीही असो, लोक 'हगीज द्या' म्हणूनच मागतात. घरात आज्जी असली की सुती लंगोट आणि दोन्ही पायांवर बसवून शूऽऽ शूऽऽ करणं अजून चालतंच, लंगोट ओला झाला की लेकरू स्वतःच कुरकुर करतं, त्याच्याइतका चांगला इंडिकेटर नाही. पण लंगोट धुवायला पाणी लागतं हो! 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं, टँकरची वाट बघणाऱ्या बाईला 'कपड्याचंच वापर' सांगणं सोपं आहे.

पॅकेट उघडं किंवा दमट जागी ठेवलं तर कधीकधी रेघ न वापरताच हिरवी पडते, पावसाळ्यात हे बघावं. उन्हाळ्यात उलटं, पारा 42-43 वर गेला की घाम जास्त, शू कमी. सहा-आठ तास रेघ पिवळीच राहिली, तोंड सुकलं, लेकरू मलूल दिसलं तर पाणी कमी पडतंय, ओआरएस सुरू करून लगेच डॉक्टरकडं न्यावं.