नेम धरताना डोक्यात काय चालतं? मोजमापाची पार्श्वभूमी

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स नेमबाजीचं कांस्यपदक मिळवलं. तेव्हापासून आमच्या कोल्हापुरात चहाच्या गाड्यावरही ‘कॉन्सन्ट्रेशन’चा विषय निघतो. पन्नास मीटरवर १०.४ मिलिमीटरचं वर्तुळ, विषय निघणारच.

ही एकाग्रता मोजायची धडपड मात्र शंभर वर्षांची आहे. जर्मनीत येना इथं हान्स बर्गर यांनी १९२४मध्ये माणसाच्या डोक्यावरून विजेच्या लाटा टिपल्या. छापून यायला १९२९ उजाडलं. डोळे मिटले की सेकंदाला दहाएक लाटा, उघडले की गायब. मिटल्या डोळ्यांनी मनात गुणाकार घातला तरी त्या दबायच्या. त्यामुळे ही अल्फा लाट म्हणजे निवांत डोकं, असा हिशेब बसला.

तो नेमबाजांनीच बिघडवला. १९८४मध्ये हॅटफिल्ड, लँडर्स आणि रे यांनी अव्वल नेमबाजांच्या डोक्याला इलेक्ट्रोड (वीज टिपणाऱ्या चकत्या) लावले, तर चाप ओढण्याआधीच्या काही सेकंदांत डाव्या बाजूला अल्फा वाढत गेलेली दिसली. डावी बाजू बोलण्याची. म्हणजे आतली बडबड बंद पडत असावी. १९९१मध्ये लँडर्स यांच्याच गटानं तिरंदाजांना आपल्याच मेंदूच्या लाटा दाखवून त्या बदलायचा सराव दिला, काहींना डाव्या बाजूच्या, काहींना उजव्या: डावीकडचे सुधारले, उजवीकडचे चक्क बिघडले. मला तर हा या इतिहासातला सगळ्यात मोलाचा प्रयोग वाटतो.

लक्ष न टिकणाऱ्या चंचल (एडीएचडी असलेल्या) मुलांवर असाच लाटांचा सराव करून पाहिला गेला. अमेरिकेत १४४ मुलांवरच्या चाचणीत मात्र खरा आणि नकली सराव सारखेच ठरले.

एकाच लाटेवर भिस्त ठेवून भागेना, तेव्हा मशीन लर्निंग आलं, म्हणजे नोंदींचे नमुने बघून यंत्रानं स्वतःच ओळखायला शिकणं. २०१५मध्ये प्रिन्स्टनच्या संशोधकांनी चेहरा आणि देखावा एकावर एक दाखवले आणि एकाकडेच लक्ष द्यायला सांगितलं. लक्ष कुठं आहे हे यंत्र मेंदूच्या एमआरआय स्कॅनमधून तिथल्या तिथं ओळखायचं. लक्ष भटकलं की बघायचं चित्रच फिकं पडायचं.

इलेक्ट्रोडच्या टोपीत मात्र भानगड वेगळी. मेंदूचा सिग्नल काही मायक्रोव्होल्टचा (व्होल्टचा दहा लाखावा भाग); पापणी लवली किंवा जबडा आवळला तर त्याच्या कितीतरी पट उसळी. नेमबाज चापाआधी दात आवळत असेल, तर यंत्र एकाग्रतेऐवजी जबडाच शिकतं आणि अचूकता झकास दिसते. एकाच बैठकीतल्या नोंदी शिकवायला आणि तपासायला वाटल्या, तर त्या दिवशी टोपी कशी बसली होती तेही त्याला पाठ होतं. म्हणून तपासणी दुसऱ्या दिवशी, टोपी नव्यानं चढवून, आधी न पाहिलेल्या माणसावर करावी लागते.