शिरेतून पोषण घरी देताना: पहिली बॅग जोडण्याआधी एवढं वाचा

आतड्याला पीळ पडून किंवा त्याचा रक्तपुरवठा तुटून लहान आतड्याचा मोठा भाग काढावा लागला, की माणूस जेवतो पण जेवलेलं अंगी लागत नाही. अशा रुग्णाला शिरेतून पोषण, म्हणजे टीपीएन, द्यावं लागतं. कुणाला काही महिने, कुणाला जन्मभर. त्यासाठी तेवढे दिवस रुग्णालयात काढायलाच हवेत असं नाही. अमेरिकेत १९७० च्या दशकापासून असे रुग्ण घरी राहत आले आहेत. आपल्याकडे ही सोय मोठ्या शहरांपुरतीच राहू नये, म्हणून घरच्यांना हे शिकवणारे आम्ही आता तालुक्याच्या गावांतही येतो.

ही बॅग म्हणजे साधं सलाईन नव्हे. तिच्या तीन कप्प्यांत ग्लुकोज, अमिनो आम्लं आणि दुधासारखं पांढरं स्निग्ध द्रावण असतं. इतकं दाट मिश्रण हाताच्या बारीक शिरेला सोसत नाही. म्हणून पिक लाईन (दंडाच्या शिरेतून आत नेलेली लांब, बारीक नळी) किंवा छातीतली लाईन घालतात. तिचं टोक हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत असतं. तिथे जंतू शिरला तर तो थेट रक्तात जातो.

म्हणून घर मोठं नसलं तरी चालेल, पण हात शिस्तीचे हवेत. साबणाने हात धुवायचे, कोरडे करायचे. लाईनचं तोंड स्पिरिटच्या स्वॅबने, लिंबू पिळावं तसं दाबून फिरवत, पंधरा सेकंद घासायचं. मग आपोआप सुकू द्यायचं. घाईत फुंकर मारू नका. नव्या माणसाकडून हमखास होते ती हीच चूक. कुणी न सांगता हे सलग जमेपर्यंत आमची सिस्टर तुमच्यासोबत असते.

बॅग बहुधा रात्री दहा-बारा तास पंपावर चालते, दिवसा रुग्ण मोकळा. शेवटी वेग हळूहळू कमी करायचा, नाहीतर साखर एकदम उतरू शकते. तीन कप्प्यांची बॅग २५ अंशांखाली ठेवायची, गोठवायची नाही. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये खोली तेवढी थंड राहत नाही. बॅग थंड ठेवण्याचा खर्च आधीच धरा. तेलाचा पिवळा थर वेगळा दिसला तर ती बॅग वापरू नका, आम्हाला फोन करा.

ताप १००.४ किंवा त्याहून जास्त असेल, किंवा बॅग लावल्यावर हुडहुडी भरली, तर पंप थांबवा आणि तडक रुग्णालयात जा, मध्यरात्र असली तरी. दारातच सांगा, ‘लाईन आहे’. अँटिबायोटिकच्या आधी रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तात जंतू आहेत का ते पाहणारी तपासणी, घ्यायला हवं. आमच्या एका रुग्णाचा ताप गावात ‘व्हायरल’ म्हणून दोन दिवस अंगावर काढला गेला. जीव वाचला, लाईन मात्र काढावी लागली. तेव्हापासून प्रत्येक रुग्णाच्या पाकिटात आम्ही हे सांगणारं मराठी-इंग्रजी कार्ड ठेवतो.

खर्च मोठा आहे, तो लपवत नाही. येताना विम्याची पॉलिसी आणा. घरच्या उपचारांचं कलम सोबत बसून वाचू. शक्यतो डिस्चार्जच्या दोन आठवडे आधी कळवा, म्हणजे शिकवायला पुरेसा वेळ मिळतो.