पायी वन्यजीव निरीक्षण

राष्ट्रीय उद्याने, अभयारण्ये आणि इतर राखीव निसर्गक्षेत्रांतून पायी हिंडत तिथले प्राणी-पक्षी पाहण्याचा छंद. वाहनातल्या सफारीशी याची गल्लत होते, पण दोहोंत फरक मोठा आहे. रोज गाड्या पाहून सरावलेले प्राणी वाहनाजवळ निर्धास्त चरतात. माणसाची उभी आकृती दिसली की तेच बुजतात. त्यामुळे पायी फिरणाऱ्याला प्राणी कमी आणि त्यांचा माग जास्त मिळतो.

माग काढायला ओली माती सर्वांत सोयीची. मार्जारकुळातील प्राणी चालताना नखे आत ओढून घेतात, म्हणून त्यांच्या ठशात चार बोटे आणि गादी उमटते, नखे सहसा नाहीत. चित्ता याला ठळक अपवाद. कुत्रा, लांडगा, कोल्हा यांच्या ठशात नखांची टोके बहुधा दिसतात. ठसा किती जुना, हे ठरवायला पाऊस कामी येतो: थेंबांचे वण ठशाच्या आत असतील तर जनावर पावसाआधी गेले, आजूबाजूला वण आणि ठसा मात्र कोरा असेल, तर पाऊस थांबल्यावर. विष्ठेत केस आणि हाडांचे तुकडे आढळले तर ती मांसाहारी प्राण्याची समजावी.

कान डोळ्यांइतकेच उपयोगी पडतात. शिकारी प्राणी दिसताच माकडे, हरणे व पक्षी धोक्याचे आवाज काढतात. केनियातील अँबोसेली येथे सेफार्थ, चेनी व मार्लर या संशोधकांनी व्हर्वेट माकडांचे असे आवाज ध्वनिमुद्रित करून त्यांनाच ऐकवले (१९८०). बिबट्यासाठीचा आवाज ऐकून माकडे झाडावर पळाली, गरुडासाठीच्या आवाजाला त्यांनी वर पाहिले आणि सापासाठीच्या आवाजाला जमीन न्याहाळली. आसपास शिकारी नव्हताच.

कपड्यांच्या रंगाचा बाऊ जरा जास्तच केला जातो. बहुतेक सस्तन प्राण्यांना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. हालचाल आणि वास मात्र लगेच कळतो. म्हणून वारा तोंडावर घेऊन चालावे आणि वरचेवर थांबावे. पक्ष्यांची रंगदृष्टी माणसापेक्षा सरस असल्याने तिथे भडक कपडे नडू शकतात. पहाट व संध्याकाळ या वेळा उत्तम. दुर्बीण ८×४२ मापाची (आठपट वर्धन, ४२ मिमी व्यासाचे पुढचे भिंग) पुरते. दहापटीहून अधिक वर्धन हातात स्थिर राहत नाही.

प्राण्याच्या किती जवळ जावे, हा या छंदातला कळीचा प्रश्न. माणूस एका ठरावीक अंतराच्या आत आला की प्राणी पळतो. या ‘पलायन अंतरा’ची कल्पना स्विस प्राणिशास्त्रज्ञ हायनी हेडिगर यांनी मांडली. हे अंतर जातीगणिक, जागेगणिक बदलते. १८७२ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेतील यलोस्टोन उद्यानात अस्वल व लांडग्यांपासून १०० यार्ड (९१ मी.) आणि बायसन (अमेरिकी रानगवे), एल्क (मोठे हरीण) यांसारख्या प्राण्यांपासून २५ यार्ड (२३ मी.) दूर राहण्याचा नियम आहे. पण ही किमान मर्यादा झाली. चरणाऱ्या जनावराने चरणे सोडून मान वर केली आणि कान आपल्याकडे वळवले, तर आपण आधीच फार जवळ आलो आहोत. घरट्यांजवळ रेंगाळणे किंवा ध्वनिमुद्रित साद वाजवून पक्षी बाहेर काढणे अनुभवी निरीक्षक टाळतात.

नोंदी पूर्वी वहीत राहत. आता ई-बर्ड (२००२) व आयनॅचरलिस्ट (२००८) या संकेतस्थळांवर टाकलेल्या नोंदी संशोधकांनाही वापरता येतात. चोरट्या शिकारीचा धोका असलेल्या अनेक जातींचे नेमके ठिकाण मात्र तिथे मुद्दाम झाकले जाते.