टाकीत नदी मांडण्यामागची पावणेदोनशे वर्षे

सह्याद्रीतल्या एखाद्या ओढ्याचे रूप जिवंत वनस्पतींसह काचेच्या टाकीत उभे करायचे ठरवले, की पहिला प्रश्न येतो तो वनस्पती कोणत्या आणि मासे कोणते हा. त्याचे उत्तर आपण बहुधा दुकानात शोधतो. ते खरे तर दोन इतिहासांत विखुरलेले आहे, आणि हे दोन्ही इतिहास साधारण एकाच काळात सुरू होतात: एक लंडनमध्ये, दुसरा पुण्याजवळ मुळा-मुठेच्या काठी.

लंडनमधला इतिहास रसायनशास्त्राचा आहे. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने १८४९ मध्ये सुमारे बारा गॅलन, म्हणजे चोपन्न-पंचावन्न लिटर पाण्यात दोन लहान गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया या पाणवनस्पतीची रोपे ठेवली. मासे सोडतात तो वायू वनस्पती घेतील आणि वनस्पती सोडतात तो प्राणवायू माशांना मिळेल, मग पाणी न बदलताही दोघे जगतील का, एवढेच त्याला तपासायचे होते. पण व्हॅलिस्नेरियाची जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले आणि काचेवर हिरवा थर धरला. तेव्हा त्याने तळ्यातल्या गोगलगाई आणून सोडल्या. त्यांनी कुजणारी पाने खाऊन टाकली आणि टाकी पुन्हा स्वच्छ झाली. १८५० मध्ये त्याने हे निरीक्षण प्रसिद्ध केले. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय खुले झाले आणि १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस या इंग्रज निसर्गअभ्यासकाच्या पुस्तकामुळे ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द रूढ झाला. वनस्पती, मासे आणि कुजलेले खाणारे जीव यांचा जो समतोल आजही प्रत्येक लागवडीच्या टाकीचा पाया मानला जातो, तो त्या बारा गॅलनांतून आला. त्यात नदी मात्र कुठेच नव्हती. वनस्पती होती ती प्राणवायूसाठी, ती कोणत्या पाण्यातली हे विचारायची गरजच नव्हती.

पुढे नेदरलँड्समध्ये या टाकीची बाग झाली. तिथल्या हौशी मंडळींची राष्ट्रीय संघटना १९३० मध्ये स्थापन झाली, आणि डच पद्धत म्हणून ओळखली जाणारी मांडणी तिच्या स्पर्धांतून घडत गेली. एकाच वनस्पतीची रांग पुढे रुंद आणि मागे अरुंद होत तिरकी नेली, की साठ सेंटिमीटर खोलीची टाकी दुप्पट खोल वाटते. या रांगांना तिथे ‘रस्ता’ म्हणतात, आणि त्या फार देखण्या असतात. पण त्यासाठी आवडीने लावली जाणारी लोबेलिया कार्डिनॅलिस उत्तर अमेरिकेतली, शेजारची क्रिप्टोकोरिन आशियातली. वाफे आखणारा माळी ज्या नजरेने रोपे निवडतो, तीच नजर इथे आहे.

निसर्गाकडे टाकीचे तोंड वळवले ते जपानच्या निइगाता येथील ताकाशी अमानो (१९५४–२०१५) यांनी. तरुणपणी ते व्यावसायिक सायकलपटू होते, नंतर छायाचित्रकार झाले, आणि मोठ्या आकाराच्या फिल्मचे कॅमेरे घेऊन त्यांनी अ‍ॅमेझॉन, बोर्निओ आणि पश्चिम आफ्रिकेतली जंगले टिपली. १९८२ मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली. पाण्यात कार्बन डायऑक्साइड सोडणे, तीव्र प्रकाश, पोषक माती आणि शेवाळ खाणारी कोळंबी (ती आता त्यांच्याच नावाने ओळखली जाते) यांची एकत्र बसवलेली पद्धत त्यांच्यामुळे जगभर पोचली. लिस्बनच्या मत्स्यालयात २०१५ मध्ये खुली झालेली त्यांची शेवटची मोठी मांडणी चाळीस मीटर लांब आहे. दगड आणि ओंडका कसा ठेवावा हे शिकायचे तर अमानोंकडूनच शिकावे, असे मी निःशंकपणे म्हणेन. तरीही त्यांच्या टाकीत आशियातल्या हिरवळीवर दक्षिण अमेरिकेतल्या टेट्रा माशांचा थवा फिरतो. ते निसर्गाचा भाव मांडत होते. एखाद्या ठरावीक जागेची नोंद करणे हा त्यांचा हेतू नव्हता.

ती नोंद बायोटोप टाकीला हवी असते. तिच्यात एका जागी एकत्र सापडतात तेवढेच मासे, वनस्पती, दगड आणि पालापाचोळा ठेवतात, आणि स्पर्धेत टाकीसोबत त्या नदीचे नाव व परिसराचे वर्णनही द्यावे लागते. मला यातला सर्वांत मोठा लाभ असा वाटतो, की नदी माहीत नसेल तर इथे टाकीचे नियोजनच सुरू होत नाही.

सह्याद्रीपुरते बोलायचे तर हौशी जगाचे लक्ष इथे वेधले ते केरळमधल्या एका माशाने. तांबडी आणि काळी पट्टी असलेला डेनिसन बार्ब हा मासा फ्रान्सिस डे या ब्रिटिश मत्स्यअभ्यासकाने १८६५ मध्ये मुंडकायम परिसरातून वर्णिला होता. १९९० च्या दशकात तो निर्यातीच्या बाजारात आला आणि ‘मिस केरळ’ म्हणून गाजला. २००५ ते २०१२ या काळात भारतातून संकटग्रस्त जातींचे किमान पंधरा लाख गोड्या पाण्यातले मासे निर्यात झाले, असे २०१३ च्या एका अभ्यासात दिसले, आणि त्यांत या माशाचा वाटा मोठा होता. केरळ सरकारने २००८ मध्ये त्याच्या पकडीवर निर्बंध घातले, परंतु बंदीचे महिने त्याच्या विणीच्या हंगामाशी जुळत नसल्याचे पुढे संशोधकांनी दाखवले. याच माशासाठी २०१३ मध्ये केरळ आणि पुण्यातल्या अभ्यासकांनी नवी प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) उभारली आणि तिला ‘सह्याद्रिया’ हे नाव दिले.

आता दुसरा इतिहास. मुंबई इलाख्याच्या सैन्यातला अधिकारी विल्यम हेन्री साइक्स दख्खनची सांख्यिकी गोळा करत हिंडला आणि १८३९ मध्ये, म्हणजे वॉरिंग्टनच्या टाकीच्या दहा वर्षे आधी, त्याने केलेली दख्खनच्या माशांची वर्णने लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. त्याची मोलाची गोष्ट ही, की अनेक माशांची इथली मराठी नावे त्याने तशीच लॅटिन साच्यात ओतली. गॅरा मुल्या म्हणजे आपला मळ्या, मिस्टस सींगटी म्हणजे शिंगटी, आणि हिप्सेलोबार्बस कोलस म्हणजे कोळस. टोर खुद्री या महसीराचा मूळ नमुना पुण्याजवळच्या मुळा-मुठेतला. त्यानंतरही ही साखळी तुटली नाही. मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाशी निगडित असलेले छापगर आणि त्यांचे सहलेखक साने यांनी १९९२ मध्ये गोव्यातून एक चिमुकला, निळसर झाक असलेला बार्ब वर्णिला आणि त्याला मत्स्यशास्त्रज्ञ सेटना यांचे नाव दिले. तो आज पेथिया सेटनाय या नावाने ओळखला जातो.

या नोंदी हाताशी घेऊन ओढ्याकडे गेले, की टाकीचा आराखडा बदलतो. जानेवारीत पाणी नितळ आणि घोटाभर असते. खळाळात दगडाला चिकटलेला मळ्या दिसतो. त्याच्या खालच्या ओठामागे चकतीसारखा भाग असतो, त्याच्या आधाराने तो धारेत टिकतो आणि दगडावरचे शेवाळ खरवडून खातो. लागवडीच्या टाकीची सारी परंपरा शेवाळाशी झगडते, पण या माशाला ते हवेच असते, म्हणून पाण्याच्या धारेत प्रकाशाखाली ठेवलेले काही गोटे मुद्दाम न घासता सोडावे लागतात. धारेतल्या खडकावर जी शेवाळासारखी दिसणारी हिरवी साय धरते, तिच्यात पोडोस्टेमेसी कुळातल्या सपुष्प वनस्पतीही असतात. त्या पाणी ओसरताना फुलतात आणि टाकीत जगवणे जवळपास अशक्य असते. टाकीसाठी खरी जवळची ती काठाच्या खडकांच्या फटींत मुळे रोवणारी क्रिप्टोकोरिन रेट्रोस्पायरॅलिस. तिची पाने अरुंद आणि लांब असतात; पावसाळ्यात ती पाण्याखाली वाकून राहते आणि पाणी उतरल्यावर फुलते. तेव्हा खऱ्या ओढ्याची टाकी गच्च हिरवी नसते: मधला भाग दगडगोट्यांचा, हिरवळ एका कडेला, आणि त्या कडेच्या सावलीत छोट्या बार्बांचा थवा. कासच्या सड्यावरचा वायतुरा पाणवनस्पती असला तरी तो सड्यावरच्या हंगामी डबक्यांतला आणि दुर्मीळ आहे. तो या मांडणीत बसत नाही आणि तिथून उपटायचाही नसतो.

टाकीतून नदीत गेलेल्यांचाही एक इतिहास आहे. काच स्वच्छ ठेवतो म्हणून विकला जाणारा दक्षिण अमेरिकेतला सकर मासा आता उजनी जलाशयातल्या मच्छीमारांच्या जाळ्यात येतो, आणि उजनी भीमेवर आहे, म्हणजे मुळा-मुठेचे पाणी जिथे पोचते तिथेच. साइक्सने ज्या पात्रातून खुद्री नोंदवला, त्या पुण्यातल्या पात्रात आज सांडपाणी आणि परदेशातून आलेला तिलापिया मासा आहे. म्हणून नियोजनाच्या वहीत पहिल्या पानावर ओढ्याचे नाव आणि महिना लिहावा, दुसऱ्या पानावर तिथे आजवर कोणी काय नोंदवले ते, आणि माशांची यादी त्यानंतरच्या पानावर, शक्यतो टाकीत पैदास झालेल्या जातींचीच.