करप्याची बुरशी विष कसे पचवते

देवगड-रत्नागिरीचा हापूस अढीत घालताना सालीवर एकही डाग नसतो. फळ पिवळे पडू लागले की काळे ठिपके उमटतात, पसरतात आणि खाली गर मऊ होतो. हा करपा अढीत लागलेला नसतो. कोलेटोट्रिकम बुरशीचे बीजाणू कैरी झाडावर असतानाच सालीला चिकटून दबा धरून बसतात. कच्च्या सालीत रिसॉर्सिनॉल गटातली बुरशीरोधक रसायने असतात. पिकताना ती घटतात आणि बुरशीला वाट मोकळी होते.

म्हणजे विषाशी सामना बुरशीला नवा नाही, फवारणीच्या कितीतरी आधीपासूनचा आहे. वनस्पतींवर जगणाऱ्या बुरशींच्या पेशीपटलात पंपासारखी प्रथिने असतात. आत शिरलेले विष ती ऊर्जा खर्चून बाहेर फेकतात. एरवी त्यांची जनुके मंद चालतात. विष जाणवले की त्यांच्या आरएनए प्रती भराभर निघतात, विष सरले की पुन्हा कमी होतात. इथवर सगळे तात्पुरते. पण जनुकाच्या चालू-बंद कळीतच बदल झाला, तर ते पुढच्या पिढ्यांतही जोरात चालत राहते. लिंबूवर्गीय फळांवरच्या हिरव्या पेनिसिलियमचे उदाहरण बोलके आहे. अझोल गटातली बुरशीनाशके ज्या एन्झाइमवर घाव घालतात, त्याच्या जनुकाआधीचा 126 डीएनए-अक्षरांचा तुकडा प्रतिकारक बुरशीत सलग 5 वेळा आढळला. एन्झाइम तेच, पण जनुकाची अभिव्यक्ती, म्हणजे निघणाऱ्या आरएनए प्रती, सुमारे 100 पट!

कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची गोष्ट वेगळी. तिथे बहुधा औषधाचे लक्ष्य असलेल्या ट्युब्युलिन प्रथिनातला एखादा दुवा (अमिनो आम्ल), उदाहरणार्थ 198 क्रमांकाचा, बदलतो आणि औषधाला पकडच मिळत नाही. अशा बागेत मात्रा दुप्पट करणे म्हणजे निव्वळ पैसे पाण्यात.

पंप जोरात चालणे आणि लक्ष्य बदलणे, या दोन्हींतला फरक प्रयोगशाळेच्या ताटलीत बऱ्यापैकी कळतो. बटाटा-डेक्स्ट्रोज अगार (बुरशी वाढवायचे खाद्य) सुमारे 50 अंशांपर्यंत निवल्यावर त्यात औषध 0, 1, 10 आणि 100 पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) मिसळायचे, मधोमध बुरशीची 5 मिमीची चकती ठेवायची आणि काही दिवसांनी वाढीचा व्यास मोजायचा. कार्बेन्डाझिम पाण्यात नीट विरघळत नाही. ते तळाशी बसले तर साधी बुरशीही प्रतिकारक भासते, म्हणून मिश्रण ओतताना ढवळत राहावे. 100 पीपीएमलाही वाढ जवळपास तेवढीच असेल, तर लक्ष्यच बदलले असण्याची शक्यता मोठी. एकमेकांशी संबंध नसलेली औषधे थोडी-थोडी सोसत असेल, तर पंपांचा संशय घ्यावा आणि आरएनए तपासावा. क्यूपीसीआर या जनुकाच्या प्रती मोजणाऱ्या चाचणीत दर फेरीला प्रती दुप्पट होतात. साध्या बुरशीपेक्षा इशारा 7 फेऱ्या आधी आला, तर अभिव्यक्ती सुमारे 128 पट. मात्र तुलनेचे जनुक औषधाने हलणारे निवडले, किंवा नमुन्यात डीएनए उरला, तर हा आकडा फसवा ठरतो.

बागेत यावर उपाय म्हणजे एकाच गटाचे औषध लागोपाठ न मारणे, बीजाणूंचे घर असलेल्या वाळक्या फांद्या छाटून जाळणे आणि बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचे मिश्रण, फवारणे. तांबे एकाच वेळी अनेक प्रथिनांवर घाव घालते, त्यामुळे एका जनुकाच्या बदलाने बुरशीचे भागत नाही. 1 टक्का बोर्डोसाठी 1 किलो मोरचूद (तांब्याचा क्षार) 50 लिटर पाण्यात, 1 किलो कळीचा चुना विरवून दुसऱ्या 50 लिटरमध्ये. भांडी प्लॅस्टिकची घ्यावीत. दोन्ही द्रावणे एकदम तिसऱ्या पिंपात ओतत ढवळावीत. मग घासलेले लोखंडी पाते बुडवून बघावे. त्यावर तांबूस थर चढला, तर चुना कमी पडला आहे. आणखी चुन्याची निवळी घालावी, नाहीतर मोकळ्या तांब्याने कोवळी पालवी भाजते. मिश्रण त्याच दिवशी संपवावे.