आयोडीनचा थेंब, साबुदाणा आणि दूध नसलेलं चीज

आमच्या नेरूळच्या सोसायटीच्या ग्रुपवर मागच्या आठवड्यात परत तो व्हिडिओ फिरला. कुणीतरी हॉटेलात बसलंय, पनीरच्या तुकड्यावर टिंक्चर आयोडीन टाकलंय, तुकडा काळानिळा पडलाय आणि मागून आवाज येतो, "बघा, प्लास्टिक खायला घालतायत!" २०२५ च्या मार्चमध्ये एका आमदारांनी नकली पनीर थेट विधानसभेत नेऊन दाखवलं होतं, तेव्हापासून ही साथ काही उतरलेली नाही.

नेमकी त्याच दिवशी माझी भाची खारघरहून भिजत आली. ती वर्षभरापासून व्हीगन आहे, दूध-दही-तूप सगळं बंद, आणि बॅगेत व्हीगन चीजचं पाकीट. "मावशी, मस्त चीज टोस्ट करू या." बाहेर धो धो पाऊस, त्यामुळे माझी काही हरकत नव्हती. ओव्हनमध्ये २०० डिग्रीला ब्रेड ठेवला आणि आठ मिनिटांनी काढला तर चीजचा कीस तस्साच उभा, कडा वाळून कडक, आणि खाली तेलाचं तळं. ती हिरमुसली. मला मात्र भलतीच शंका आली. घरात टिंक्चर नव्हतं, बेटाडिन होतं, तेही चालतं कारण त्यातही आयोडीनच असतं. उरलेल्या चीजवर एक थेंब टाकला, काळंनिळं.

"हेपण प्लास्टिक?" भाची.

नाही गं बाई. आयोडीनला प्लास्टिकशी काही देणंघेणं नाही. ते फक्त एवढंच सांगतं की इथे स्टार्च आहे. बटाट्यावर टाका, पोळीवर टाका, निळंच होणार. शुद्ध पनीरमध्ये स्टार्च नसतं म्हणून एफएसएसएआयच्या (देशाचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) घरगुती भेसळ-चाचण्यांमध्ये ही टेस्ट दिलेली आहे, पण हॉटेलवाल्याने पनीर कॉर्नफ्लॉवरमध्ये घोळवून तळलं असेल तर ते निळं होणारच, त्यात कसली भेसळ. आणि व्हीगन चीजमध्ये तर स्टार्च पाकिटावर छापूनच घातलेलं असतं. आमचा टोस्ट फसला तो पण याच स्टार्चमुळे.

आधी खरं चीज का वितळतं ते थोडक्यात. गाईच्या दुधातल्या प्रोटीनपैकी साधारण ८० टक्के असतं केसीन. बहुतेक प्रोटीन घट्ट गुंडाळीसारखी असतात, केसीन मात्र सुट्या, ढिल्या दोऱ्यासारखं. दुधात असे हजारो दोरे एकत्र येऊन मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढे बारीक गोळे होतात आणि त्यांना आतून धरून ठेवतं कॅल्शियम फॉस्फेट. गोळ्यांच्या बाहेरून केसांसारखी लव असते म्हणून ते एकमेकांना चिकटत नाहीत. चीज करताना रेनेट नावाचं एन्झाइम घालतात, ते ही लव कापतं, मग गोळे एकमेकांना धरतात आणि त्यांचं जाळं तयार होतं, फॅट आणि पाणी त्यात अडकतं. तापवलं की आधी फॅट पातळ होतं, मग ६० डिग्रीच्या आसपास दोऱ्यांची एकमेकांवरची पकड ढिली होऊन ते सरकायला लागतात, पण कॅल्शियममुळे पूर्ण सुटत नाहीत. पिझ्झाची ती तार म्हणजे हे सरकणारे पण न सुटणारे दोरे.

पनीरचं काय होतं? उकळत्या दुधात लिंबू पिळलं की आम्लात ते कॅल्शियम विरघळून निघून जातं, दोरे थेट एकमेकांना मिठी मारतात, शिवाय तापलेलं व्हे प्रोटीनही (दुधातलं केसीन सोडून उरलेलं) त्यांना येऊन चिकटलेलं असतं. म्हणून पनीर तव्यावर करपेल पण वितळणार नाही. सोयाचं प्रोटीन तर गुंडाळीवालं, तापलं की उलगडतं आणि गुंता करून बसतं, उकडलेलं अंडं परत पातळ होत नाही तसंच. टोफू तळता येतो, ताणता येत नाही तो यामुळेच. मक्यात झेइन नावाचं एक प्रोटीन असतं जे तापल्यावर मऊ होऊन ताणलं जातं, कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठात त्याचं चीज करण्यावर कामही झालंय, पण दुकानातल्या बहुतेक पाकिटांत आज तरी खोबरेल तेल, पाणी आणि स्टार्च एवढाच संसार असतो.

आता स्टार्च. इथून पुढे जरा किचकट आहे पण माझ्या आवडीचं आहे, केमिस्ट्रीत बीएस्सी करून आयुष्य बँकेत काढलं की असं होतं.

स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या माळा, आणि त्या दोन प्रकारच्या. अमायलोज ही सरळ लांब माळ, अमायलोपेक्टिन म्हणजे झाड, दर वीस-तीस मण्यांनंतर फांदी. अमायलोजची माळ स्प्रिंगसारखी वळते, एका वेढ्यात साधारण सहा मणी, आणि आयोडीनचे अणू त्या स्प्रिंगच्या आतल्या बोगद्यात रांगेने जाऊन बसतात, तेव्हा तो गडद निळा रंग येतो. अमायलोपेक्टिनच्या फांद्या आखूड, त्यात मोठी रांग मावत नाही, म्हणून त्याचा रंग लालसर जांभळा. तांदळाच्या पेजेत बेटाडिनचा थेंब टाकून गरम करून बघा, निळा रंग जातो, गार केली की परत येतो. उष्णतेने स्प्रिंग सैल पडते आणि आयोडीन बाहेर निघतं, बाकी जादू काही नाही.

कच्चं स्टार्च म्हणजे बारीक दाणे. पाण्यात घालून तापवलं की ते फुगतात, टॅपिओका नावाच्या स्टार्चचे साधारण ६० ते ७० डिग्रीला, आणि मग फुटतात. ज्यांनी उन्हाळ्यात कुरडयांचा चीक घाटलाय त्यांना हे सांगायची गरज नाही, आधी दुधासारखं पांढरं पाणी, मग गुठळ्या, आणि मग एकदम हात जड होतो आणि चीक चकाकायला लागतो. दाणे फुटून आतल्या माळा बाहेर सांडतात तो हा क्षण.

खरी गोष्ट गार होताना घडते. सांडलेल्या अमायलोजच्या सरळ माळा दोन-दोनच्या जोडीने एकमेकींना पीळ घालून पक्क्या बसतात, त्यालाच रेट्रोग्रेडेशन म्हणतात. हे जाळं काही तासांत तयार होतं, आणि एकदा झालं की ते सोडवायला १२० डिग्रीच्याही वर जावं लागतं, म्हणजे त्यात पाणी असेपर्यंत तुमच्या ओव्हनमध्ये ते सुटणारच नाही कारण पाणी १०० ला उकळून जातं. अमायलोपेक्टिनच्या आखूड फांद्याही जोड्या लावतात, पण सावकाश, काही दिवसांत, आणि त्यांचे पीळ कच्चे, ५०-६० डिग्रीला सुटतात. शिळी पोळी तव्यावर टाकली की परत मऊ होते, शिळा भात फोडणीला टाकला की मोकळा होतो, ते हेच कच्चे पीळ सुटल्यामुळे.

म्हणजे जे स्टार्च अमायलोज जास्त देतं (मका, साधारण २५ टक्के) त्याची वडी छान पडेल, कीस छान पडेल, पण तापवल्यावर ती ढिम्म हलणार नाही. टॅपिओकात अमायलोज १७ टक्क्यांच्या आसपासच, त्यामुळे ते लवचीक, चिकट, ताणणारं. आमच्या टोस्टवर काय झालं असणार हे आता लक्षात येईल. खोबरेल तेल २४ डिग्रीलाच वितळतं, ते आधी निघून खाली गेलं, स्टार्चचं जाळं जागेवर उभं राहिलं आणि ओव्हनच्या कोरड्या हवेत त्यातलं पाणी उडून गेल्यावर ते वाळून कडक झालं.

आणि भाचीच्या चीजमधलं टॅपिओका म्हणजे कोण, तर आपला साबुदाणा! खिचडी झाकण ठेवून एक वाफ काढली की दाणा काचेसारखा होतो, गार झाली की गोळा होतो आणि परत गरम करताना आई पाण्याचा हबका मारते. व्हीगन चीजलाही हेच पाहिजे असतं. मी दुसरा टोस्ट तव्यावर ठेवला, चीजवर ओल्या बोटांनी पाणी शिंपडलं, झाकण, मंद आच, चार मिनिटं. वितळलं! तार अगदी मोझरेलासारखी नाही, पण येते.

साबुदाणा निघालाच आहे तर एक बोलून घेते. हा ज्या कंदाचा होतो तो कसावा दक्षिण अमेरिकेतला, बटाटा आणि शेंगदाणाही तिकडचेच, मिरची मेक्सिकोकडची. म्हणजे आपला अख्खा उपास बोटीने आलेला आहे. तरी चतुर्थीला "हे शास्त्रात सांगितलंय" म्हणून कांद्याला घराबाहेर काढणारे लोक आहेत. आमच्या आईंनी (सासूबाई, वय ८१) मात्र भाचीचं चीज साबुदाण्याचं आहे कळल्यावर एकच प्रश्न विचारला, "मग उपासाला चालेल का?"

घरी करायचं असेल तर सोपं आहे. वाशीच्या एपीएमसीतल्या मसाला मार्केटमधून काजू तुकडा आणा, अख्खे काजू वाटायला घेण्यात अर्थ नाही. ६० ग्रॅम काजू अर्धा तास गरम पाण्यात भिजवून २५० मिली पाण्यात अगदी गुळगुळीत वाटायचे, त्यात टॅपिओका स्टार्च ४ टेबलस्पून, तेल एक टेबलस्पून, मीठ, लसणाची एक पाकळी आणि चिमूटभर मोहरीची पूड. हे सगळं गार असतानाच मिसळायचं, नाहीतर गुठळ्या. मी पहिल्यांदा शहाणपणा करून साबुदाणाच मिक्सरला फिरवून घातला होता, तो दाणे करतानाच अर्धवट शिजवलेला असतो त्यामुळे गार पाण्यातच फुगून चिकट गोळे झाले. स्टार्चच आणा. मध्यम आचेवर सतत ढवळायचं आणि चकाकून ताणायला लागलं की दोन मिनिटांत बंद, कारण टॅपिओकाचे फुगलेले दाणे नाजूक असतात, फार घाटलं तर मोडतात आणि सगळं पातळ होतं. लिंबू गॅस बंद केल्यावर पिळायचं, आम्लात उकळत ठेवलं तर माळा तुटतात.

चवीचं म्हणाल तर मुरलेल्या चीजची ती चव बरीचशी ग्लुटामेटची असते, म्हणून व्हीगन लोक न्यूट्रिशनल यीस्ट घालतात. ते महाग. मी चिमूटभर अजिनोमोटो घालते. ओरडा. टोमॅटोत आणि चीजमध्ये असतं तेच ग्लुटामेट आहे ते.

हा सॉस गरम गरम पास्त्यावर उत्तम, सँडविचच्या टोस्टरमध्ये बटाटा-सिमला मिरचीबरोबर तर अजून छान, कारण टोस्टर बंद असतो आणि वाफ आतच राहते.

फक्त याला हेल्दी म्हणू नका, प्लीज. चेडरमध्ये १०० ग्रॅमला २५ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं, तेल-स्टार्चच्या चीजमध्ये जवळजवळ शून्य, आणि खोबरेल तेलातलं ८० टक्क्यांहून जास्त फॅट सॅच्युरेटेड. काजूवालं थोडं बरं, इतकंच. ज्यांना दुधाची अॅलर्जी आहे त्यांनी तर पाकीट नीट वाचा. 'लॅक्टोज फ्री' म्हणजे फक्त दुधातली साखर फोडली किंवा काढली, केसीन तिथेच. 'नॉन-डेअरी' क्रीमरमध्येही सोडियम केसिनेट, म्हणजे केसीनच, सापडतं. आणि व्हिडिओवाले ज्याच्या नावाने ओरडतात ते अॅनालॉग (म्हणजे पनीरसारखं दिसणारं नकली) पनीर बरेचदा दूध पावडर आणि पाम तेलाचं असतं, म्हणजे ते ना धड पनीर ना व्हीगन. एफएसएसएआयच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे व्हीगन पदार्थाचा वेगळा लोगो आहे, हिरवा व्ही, तो बघा.

आमचा उरलेला सॉस डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवला होता. तिसऱ्या दिवशी तो खरवसासारखा थरथरत होता आणि कडेने थोडं पाणी सुटलेलं. कढईत टाकला, हबका मारला, झाकण ठेवलं. मैत्रीण येणार होती म्हणून भाचीने तो थालीपिठावर ओतला.